भाचीला परदेशी विद्यापीठाच्या कांदा प्रकल्पात काम मिळतंय, घ्यावं का?

गंगेवरची
नमस्कार मंडळी. इथे शेती करणारे आहेत, शेतीवर संशोधन करणारे आहेत आणि दोन्ही न करता मत देणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझी भाची नाशिकलाच बीएस्सी ॲग्री झाली. एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालू आहे. मध्येच कॉलेजातल्या एका सरांनी काम सुचवलं. युरोपातलं एक विद्यापीठ कांद्याच्या साठवणुकीत किती माल वाया जातो यावर प्रकल्प करतंय. निफाड, चांदवड आणि येवला तालुक्यांतल्या कांदा साठवायच्या चाळी घेणार. तिकडून एक पीएचडीचा मुलगा आणि एक मास्टर्सची मुलगी येणार. त्यांना इथलं कोणीतरी हवंय, जे शेतकऱ्यांशी बोलेल, चाळी ठरवेल आणि ते दोघं परत गेल्यावरही ऑक्टोबरपर्यंत नोंदी घेत राहील. मानधन नाशिकच्या मानाने बरं आहे.

भावजी म्हणतात, दुसऱ्याच्या डॉक्टरेटसाठी आपल्या पोरीने उन्हात का फिरायचं? एमपीएससीला बस. बहिणीचं म्हणणं, पुढे बाहेर शिकायला जायचं तर असलं काम अर्जात उठून दिसतं. भाची म्हणाली, मावशी, तू तुझ्या त्या ऑनलाइन लोकांना विचार. तर विचारतेय. अशा प्रकल्पात कोणी काम केलंय का? हाती काय लागतं? आधी काय विचारून घ्यावं?

निफाडचा_नाना
चाळ आपली, कांदा आपला, सडला तरी आपलाच. डॉक्टरेट तेवढी त्यांची. घेऊ द्या काम, निदान मानधन तरी इथे राहील.

चाळकरी
माझ्या चाळीत असा प्रयोग होऊन गेलाय म्हणून सविस्तर लिहितो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. आलेली विद्यार्थिनी कामाला चोख होती.

उन्हाळ कांदा चाळीत भरतानाच तिने जाळीच्या पिशव्या वजन करून ठेवल्या. काही तळाला, काही मधल्या थरात, काही वर. ढिगात सापडाव्यात म्हणून प्रत्येकीला लाल रिबीन. सोबत काडेपेटीएवढं यंत्र, ते तापमान आणि आर्द्रता आपोआप टिपत राहायचं. दर महिन्याला पिशव्या काढून परत वजन. आमच्याकडे खराब म्हटलं की सगळं एका पाटीत आणि पाटी उकिरड्यावर. तिने तीन वाटे केले. सडलेला, कोंब आलेला, आणि नुसता सुकून हलका झालेला. हा तिसरा वाटा आम्ही कधी मोजलाच नव्हता, कारण कांदा दिसायला चांगलाच असतो. माझ्या चाळीत सडण्यापेक्षा सुकण्यात जास्त वजन गेलं होतं.

साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असावी असं सांगतात. मधल्या थराचा मे महिन्यातला आकडा तिने माझ्या वडिलांना दाखवला. त्यांनी त्याच संध्याकाळी ढिगाची उंची उतरवायला माणसं लावली. एवढा फायदा रोख झाला.

तक्रारी दोन. एक तर ती गेली ती गेलीच. शेवटचे आकडे काय आले ते आजतागायत कळलं नाही. दुसरी तक्रार मोठी आहे. तिच्या वहीत भावाचा रकानाच नव्हता. आम्ही कांदा चाळीत टाकतो तो भाव वर जाईल म्हणून. थोडी घट आली आणि भाव दुप्पट झाला तर ते नुकसान कसलं? उलट ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा चाळीतला कांदा ठणठणीत होता आणि लिलाव बंद पडले होते. ते नुकसान कुठल्या पिशवीत मोजणार?

तिखट_शेव
परदेशी कशाला, आपले कृषिदूत आणि कृषिकन्या, म्हणजे गावात येणारी कृषी कॉलेजची पोरं, काय कमी आहेत? दर वर्षी पेपरात ठरलेला फोटो, ‘कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे’. ज्या तात्यांना धडे मिळाले त्यांचा जन्म बी पेरण्यात गेलाय. फोटोत हाताची घडी घालून उभे. आमच्या गावात तर अझोलाचे (जनावरांना घालायची पाणवनस्पती) खड्डे एवढे झालेत की रात्री बॅटरी घेऊन निघावं लागतं.

माजी_कृषिदूत
@तिखट_शेव, अझोल्याचं मान्य :-) आमच्या गटानेही एक खणलाय.

पण रावेला, म्हणजे गावात राहून करायच्या या अभ्यासक्रमाला, नावं ठेवू नका. चार वर्षांत तेवढाच काळ पोरं गावात राहतात. आमच्या गटाला द्राक्षबागेत बुरशीवर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण करून दाखवायचं होतं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, तोंडपाठ. बागेतल्या काकूंनी मिश्रणात विळा बुडवला, पातं तांबूस झालं. म्हणाल्या, चुना कमी पडलाय, घाला अजून, नाहीतर पानं करपतील. चुन्याची प्रत सारखी नसते हे आम्हाला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. पेपरात मात्र आम्हीच मार्गदर्शन केल्याचं आलं.

गंगेवरची ताई, भाचीने रावे केलंय म्हणजे गावात बोलायचं कसं ते तिला येतं. तिकडून येणाऱ्यांना नेमकं तेच येत नाही. म्हणून मानधन घासाघीस करून घ्या.

परतीचा_पाऊस
मी सध्या नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात शिकतोय, मूळचा सटाण्याचा. नाण्याची ही बाजूही ऐका.

इथे मास्टर्सला साधारण सहा महिन्यांचा थिसिस असतो. त्यात विषय ठरवणं, वाचन, परवानग्या, लिखाण हे सगळं धरलेलं. प्रत्यक्ष शेतावर मिळतात दोन-अडीच महिने. विद्यार्थी लबाड असतो असं नाही, त्याच्याकडे वेळच नसतो. थिसिस जमा केला की तो नोकरीच्या मागे. पेपर छापून यायला पुढे दोन-दोन वर्षं जातात, तोवर प्राध्यापक दुसऱ्या प्रकल्पात. चाळकरी दादांना निकाल कळवणं हे त्या साखळीत कोणाचंच ठरलेलं काम नसतं, म्हणून ते होत नाही. प्रकल्पाच्या खर्चात त्यासाठी एक ओळ असेल तरच होतं. भाचीला सांगा, ती ओळ आहे का ते विचार.

दुसरा प्रश्न, पैसा कोणाचा आणि कधीपर्यंतचा? अमेरिकेत फीड द फ्यूचर नावाखाली बऱ्याच विद्यापीठांत प्रयोगशाळा चालायच्या. भुईमूग, सोयाबीन, ज्वारी-बाजरी, काढणीनंतरचं नुकसान, असे विषय. पैसा यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा. कित्येक पीएचडीवाले त्यावर होते, त्यात आपलेही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत गोठवली आणि काही आठवड्यांत यातल्या बहुतेक प्रयोगशाळांना काम बंद करा म्हणून पत्रं गेली. आफ्रिकेत पीक उभं आणि इकडे नोंद घेणाऱ्याचा पगार बंद. १ जुलै २०२५ ला यूएसएडच बंद झाली. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची निदान विद्यापीठाने कशीबशी दुसरीकडे सोय लावली. स्थानिक मदतनीसांना कोण विचारतो?

सरळ_रेघ
एवढं सगळं वाचून उत्तर एकच. घेऊ नये. एमएस्सी करावी, आपल्या विद्यापीठात आपला विषय घ्यावा. दुसऱ्याच्या आकड्यांचं ओझं वाहून कोणी मोठं झालेलं नाही.

निवृत्त_टीएओ
सरळ_रेघ, एवढं सरळ नाही ते.

मी तालुका कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यात होतो. मोहोळ तालुक्यातलं शिरापूर हे गाव किती जणांना माहीत आहे? जगातल्या अर्थशास्त्राच्या विभागांना ते माहीत आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी १९७२ ची आंतरराष्ट्रीय संस्था. त्यांनी १९७५ मध्ये काही गावांत घरनिहाय नोंदी सुरू केल्या. आपल्याकडची शिरापूर, कलमण आणि अकोल्याकडची कानझरा, किनखेडा, तेव्हाच्या आंध्रातली औरेपल्ले आणि डोकूर. पद्धत अशी की, शेतीचा पदवीधर पोरगा त्या गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरांत जाऊन विचारायचा. काय पेरलं, मजुरी किती दिली, उसने कोणाकडून घेतले, बैल विकला का. सलग दहा वर्षं.

त्या नोंदींवर देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी पीएचड्या केल्या. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा गाजलेला लेख औरेपल्ले, शिरापूर आणि कानझरा या तीन गावांवरच उभा आहे. एका घरचं उत्पन्न बुडालं तरी त्या घरचं खाणंपिणं तेवढ्या प्रमाणात खाली येत नाही, गाव आपापसांत ते बरंचसं सावरून घेतं, असं त्यात निघालं. भूमिहीनांना मात्र हा आधार तोकडा. हे दिल्लीत बसून कोणाला दिसलं असतं? ते दिसलं कारण कोणीतरी शिरापुरात राहून दर महिन्याला उसनवारी लिहून घेत होता.

तेव्हा नोंदी घेणं हे हमालीचं काम आहे असं पोरीच्या मनात भरवू नका. त्या कामातच संशोधन आहे.

सरळ_रेघ
@निवृत्त_टीएओ, माहिती उत्तम, आभार. पण माझाच मुद्दा सिद्ध केलात की. टाउनसेंड हे नाव तुम्हाला पाठ आहे. शिरापुरात राहणाऱ्या त्या पदवीधराचं नाव सांगा.

निवृत्त_टीएओ
नाही सांगता येत. बरोबर पकडलंत.

निफाडचा_नाना
नावावरून आठवलं. आमचं कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र. वर्षभर कोणी विचारत नाही, थंडी पडली की सगळ्या पेपरांत, ‘निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडी केंद्रात नोंद’. लोकांना वाटतं तिथे फक्त थर्मामीटर आहे.

माजी_कृषिदूत
हाहा. त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, हे गव्हाचे वाण तिथलेच आहेत हो नाना. आणि आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणाल तर मेक्सिकोच्या बुटक्या गव्हापासून सगळा गहू आंतरराष्ट्रीयच आहे. १९६६ मध्ये आपण तिथून १८,००० टन बियाणं आणलं होतं, लर्मा रोहो आणि सोनोरा ६४. हे बुटके गहू तयार करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत देशोदेशीची तरुण पोरं शेतात उतरवून शिकवली, ती आपापल्या देशात परतून हेच काम करत राहिली. गोरा येतो आणि माहिती नेतो एवढीच गोष्ट नाही.

तिखट_शेव
पंचवटी गव्हाची पोळी आणि वर आमची शेव. चर्चा समाप्त.

माजी_कृषिदूत
पंचवटी बन्सी गहू आहे, शेवया-कुरडयांना घ्या. पोळीला त्र्यंबक.

नागलीची_भाकर
पेठ-सुरगाण्यात एका संस्थेत काम करते. आमच्या पाड्यांवर इतके सर्वे झालेत की आजीबाई स्वतःच विचारतात, जमीन किती विचारायचंय का आधी कुटुंबात माणसं किती ते?

माझा राग वेळापत्रकावर आहे. तिकडच्या विद्यार्थ्यांना सुट्टी जून ते ऑगस्ट. आमच्याकडे तेव्हा आवणी, म्हणजे भातलावणी. माणूस गुडघाभर चिखलात आणि हे बांधावर छत्री धरून विचारणार, गेल्या आठवड्यात किती वेळा पालेभाजी खाल्ली. पावसाळ्यात रानभाजी फुकट असते, रोज खाल्ली जाते. अहवालात लिहिलं जाणार, आहार उत्तम. तोच प्रश्न फेब्रुवारीत विचारा. पण फेब्रुवारीत घराला कुलूप, सगळे दिंडोरी-निफाडला द्राक्षांवर. एका विद्यार्थिनीला मी गिरणारेच्या मजूर बाजारात पहाटे घेऊन गेले. तिथे टोळ्या उभ्या असतात आणि मजुरी ठरते. ती म्हणाली, माझा नमुना निवडलेला पाडा इथे उभा आहे. मग तिने प्रश्नावलीच बदलली. विद्यार्थी असल्यामुळेच बदलू शकली, मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं छापील फॉर्म हलवत नाहीत. म्हणून मला विद्यार्थी परवडतात.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. बी! एकजण आमच्याकडून नागलीच्या (नाचणीच्या) गावठी वाणांच्या पुड्या बॅगेत घालून नेणार होता. अगदी निरागसपणे, लॅबमध्ये बघायला. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे परदेशी व्यक्तीला संशोधनासाठीही बी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. पलीकडे नगरच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचं बी जमवून बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. ते बी असं कोणाच्याही खिशातून जायला नको. भाचीचा प्रकल्प साठवणुकीचा आहे, पण कांद्याचे नमुने तपासायला बाहेर पाठवणार का, हे विचारून ठेवा.

आडवा_डोंगर
याच धाग्यावर विचारतो. पुतण्याला इस्रायलला शेतीच्या कोर्सला जायचंय, शिका आणि कमवा. कोणाला अनुभव?

परतीचा_पाऊस
@आडवा_डोंगर, अशा योजनांत आठवड्याचे बरेच दिवस शेतावर काम आणि थोडा अभ्यास असतो. ठिबक, पॅकहाऊस जवळून बघायला मिळतं, पैसेही सुटतात. पण संशोधन म्हणून जाऊ नये, मजूर म्हणूनच हिशेब करावा. आणि सुरक्षिततेचं बघा. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाजवळच्या अलुमिम किबुत्झमध्ये मारले गेलेले नेपाळचे १० विद्यार्थी अशाच योजनेतून गेले होते. घरी सगळ्यांशी बोलून ठरवा.

आडवा_डोंगर
धन्यवाद. वहिनींना दाखवतो हे.

राहुरीची_पाखरं
मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी केलं. बाहेर जायचं म्हणून हेच काम केलं पाहिजे असं नाही, एवढंच बहिणीला सांगा. जागतिक बँकेच्या मदतीने आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषदेचा) नाहेप हा कृषी उच्चशिक्षणाचा प्रकल्प चालला, त्यात राहुरीला हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं केंद्र होतं. त्यातून आमच्यातले काहीजण परदेशी विद्यापीठांत प्रशिक्षणाला जाऊन आले, विषय स्वतःचा घेऊन. अशा संधींवर लक्ष ठेवायचं.

अजून एक. परदेशी संशोधक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर गोराच का येतो? आमच्या होस्टेलला अफगाण मुलं होती. एकाच्या घरची द्राक्षं होती, बेदाणा करायची त्यांची पद्धत मातीच्या जाळीदार भिंतींच्या खोलीत घड टांगायची. आमच्या तासगावच्या मित्राशी त्याचं रात्र-रात्र भांडण चालायचं, उन्हातला बेदाणा चांगला की सावलीतला. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते मी मेसमध्ये बघितलंय.

कागदपत्रवाला
दोन रुक्ष गोष्टी सांगतो, पण कामाच्या आहेत.

१. ती दोघं शेतकऱ्याच्या घरी राहणार असतील तर २४ तासांत परदेशी पाहुणा ठेवल्याचं ऑनलाइन कळवावं लागतं, फॉर्म सी म्हणतात तो. टुरिस्ट व्हिसावर येऊन संशोधन चालत नाही. पुढे पोलीस विचारतात ते घरमालकाला.

२. संमतिपत्र. त्यांच्या विद्यापीठाची नीतिसमिती शेतकऱ्याची सही मागते. आपल्याकडे कोऱ्या ओळीवर सही म्हटलं की माणूस सातबारा आठवतो. भाचीने तो कागद आधी गावात मोठ्याने वाचून दाखवावा, एक प्रत शेतकऱ्याकडे ठेवावी आणि मगच सही घ्यावी. घाई केली की पुढच्या चाळीत कोणी उभं करत नाही.

तिखट_शेव
पाहुणी आमच्याकडे राहिली तर फॉर्म सी भरू, मिसळीचा फॉर्म वेगळा.

निवृत्त_टीएओ
सरळ_रेघ यांचा टोमणा डोक्यातून जात नाही, म्हणून परत लिहितोय. नाव कोणाचं, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्यायचं. शेवटी आभाराच्या ओळीत घालून मोकळे होतात. पण नुसत्या नोंदी घेतल्या म्हणून सहलेखक करत नाहीत, हेही खरं. त्यातला एखादा प्रश्न स्वतःचा हवा आणि त्यावर चार पानं स्वतः लिहायला हवीत. तिने मागून घ्यावा एखादा कोपरा.

चाळकरी
भावाचा रकाना घ्या म्हणावं! लासलगाव, पिंपळगावचे रोजचे भाव तर मिळतातच. कोणत्या शेतकऱ्याने कधी चाळ फोडली आणि का फोडली, हे लिहा. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाला सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, कोणाला नुसती भीती वाटली. हे त्या पीएचडीवाल्याला साता जन्मात कोणी सांगणार नाही. पोरीला सांगतील.

सरळ_रेघ
हे मात्र मला पटलं. रकाना तिचा असेल तर माझा विरोध मागे. एमपीएससीचा फॉर्म तरी भरून ठेवा.

गंगेवरची
सगळ्यांचे आभार. भाचीने हा धागा दोनदा वाचला, भावजींनी एकदा, चष्मा लावून.

काल त्या लोकांशी तिचं ऑनलाइन बोलणं झालं. पैसा त्यांच्या देशाच्या संशोधन निधीचा आहे, दोन हंगामांचा मंजूर झालाय, तसं पत्र पाठवतो म्हणाले. कांद्याचे नमुने बाहेर नेणार नाहीत, जे तपासायचं ते इथल्याच लॅबमध्ये. गावात मराठीतून निकाल सांगायची ओळ खर्चात नव्हती. परतीचा_पाऊस, तुमचं वाक्य तिने जसंच्या तसं विचारलं. थोडा वेळ शांतता, मग घालतो म्हणाले. नावाचं विचारल्यावर मोघम बोलले, योगदानाप्रमाणे बघू. तेव्हा तिने चाळकरींचा रकाना पुढे केला, चाळ कधी आणि का फोडली हा भाग माझा, मी लिहिणार. पीएचडीचा मुलगा खूश दिसला, त्याच्या मॅडम म्हणाल्या दोन पानांचा आराखडा पाठव. ती काल रात्रीपासून तेच करतेय.

आराखडा मान्य झाला तर काम घेणार, नाहीतर नाही, असं ठरलंय. एमपीएससीचा फॉर्म भरलाय, भावजींनी स्वतः.

चाळकरी दादा, तुमची चाळ यादीत घालू का?

चाळकरी
घाला. पण या वेळी आकडे मला दर महिन्याला व्हॉट्सॲपवर. नाहीतर पिशव्या बाहेर.

गंगेवरची
नक्की. अजून एक अडचण आहे. निफाड-येवल्याच्या चाळी झाल्या, चांदवड तालुक्यात अजून कमी पडताहेत. खालून हवा खेळणारी लोखंडी चाळ हवी, आणि शेजारी जुनी, जमिनीवरची असेल तर उत्तम, म्हणजे दोन्हींची तुलना होईल. कोणाची ओळख?

आडवा_डोंगर
वडनेरभैरवला मामांकडे दोन्ही आहेत. जुनीला मामी हात लावू देईल का माहीत नाही, ती तिची आहे. व्यक्तिगत निरोप करतो.